पोरं वाचत नाहीत म्हणे, पण कपाटाची किल्ली कुणाकडे आहे?

१५ ऑक्टोबर जवळ आला की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. डॉ. कलामांचा जन्मदिवस सरकारने २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळायला सुरुवात केली, त्यामुळे आता त्या वादाला हक्काची तारीखही मिळालीय. एक गट म्हणतो मोबाईलने पोरांचं वाटोळं केलं. दुसरा म्हणतो इंग्रजी माध्यमाने केलं. तिसरा म्हणतो आईबापच वाचत नाहीत तर पोरं कुठून वाचणार, आणि हे तो स्वतः फेसबुकवर लिहितो, पुस्तक बाजूला ठेवून. भांडतात कचाकचा, पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत असतं, की बिघाड पोरात आहे. त्याला गोडी नाही, त्याचं लक्ष लागत नाही, त्याच्यावर संस्कार नाहीत. मग उपायही तसेच निघतात, गोडी लावा, प्रेरणा द्या, शपथ घ्या, दप्तराऐवजी एक पुस्तक आणा आणि ते हातात धरून फोटो काढा.

मला हा सगळा वादच चुकीच्या जागेवरून चाललाय असं वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक पोरांना वाचायची गोडी नाही हे अजून सिद्धच झालेलं नाही, कारण त्यांच्या हाताला आवडेल असं पुस्तक कधी लागलेलंच नाही. आणि ज्या थोड्यांच्या हाताला लागतं त्यांच्याकडून आपण लगेच हिशेब मागतो, काय वाचलंस, काय शिकलास, तात्पर्य सांग. पुस्तक हाताशी नसणं आणि हाताशी असलं तर त्याचा हिशेब द्यावा लागणं, या दोन गोष्टी आधी नीट करा, मग पोरांच्या स्वभावाबद्दल काय ते बोलू.

आधी ते 'आमच्या वेळी' प्रकरण मिटवून टाकू, कारण प्रत्येक चर्चेत ते येतंच. आमच्या वेळी सगळी मुलं वाचायची म्हणे. कुठली सगळी? १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या निम्म्या लोकांनासुद्धा अक्षरओळख नव्हती. २०११ ला तो आकडा ८२ टक्क्यांच्या पुढे गेला. म्हणजे 'सगळे वाचायचे' ही आठवण सदाशिव पेठेतली, दादर-गिरगावातली, जिल्ह्याच्या गावातल्या दोनचार आळ्यांमधली आहे, जिथे कोपऱ्यावर पुस्तकं भाड्याने देणारी सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, घरात किशोर यायचा, चांदोबा यायचा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत करायला दुसरं काही नव्हतं. त्या पोरांना गोडी होती हे खरंच. पण त्यांना कोपऱ्यावर लायब्ररीही होती की! तिचं नाव कुणी घेत नाही, सगळं श्रेय संस्कारांना. त्याच काळात मराठवाड्यातल्या किंवा धुळ्या-नंदुरबारच्या वाडीवरचं पोर काय वाचत होतं, हा प्रश्न या आठवणीत येतच नाही.

आता कपाटाकडे येतो. मी बरीच वर्षं मित्रांबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पुस्तकं घेऊन जातो, तेव्हा हे कपाट इतक्या ठिकाणी बघितलंय की डोळे मिटून वर्णन करू शकतो. मुख्याध्यापकांच्या ऑफिसात लोखंडी कपाट, वर शालेय पोषण आहाराच्या थाळ्या नाहीतर गेल्या वर्षीच्या झेंड्याची काठी. आत पुस्तकं, आणि वाईट नाहीत हां, बऱ्याचदा चांगली असतात, नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची रंगीत चित्रांची. काही गठ्ठे तालुक्याहून आले तसेच सुतळीत बांधलेले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात गोष्टींची पुस्तकं असतील. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी इयत्तांप्रमाणे ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूदही आहे. म्हणजे कागदावर पुस्तक आहे, बऱ्याच ठिकाणी शाळेतही आहे. फक्त कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली गुरुजींच्या टेबलाच्या खणात.

यात गुरुजींना खलनायक करून मोकळं व्हायचा मोह होतो, पण ते अन्यायाचं आहे. मी एका गुरुजींना विचारलं की पुस्तकं पोरांना घरी का देत नाही, तर ते म्हणाले, "सर, हरवलं तर ऑडिटला काय दाखवू? बदली झाली की चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टर घेऊन एकेक पुस्तक मोजावं लागतं. कमी भरलं तर कोण भरणार?" काय चुकलं त्यांचं? ज्या व्यवस्थेत पुस्तक आणि खुर्ची एकाच रजिस्टरमध्ये चढते, आणि पुस्तक फाटेपर्यंत वाचलं गेलं याचं कौतुक कुठेच नाही पण कपाटातलं एक पुस्तक कमी भरलं तर खुलासा द्यावा लागतो, तिथे कुठलाही शहाणा माणूस कुलूपच लावेल. निर्लेखन करायचं, म्हणजे फाटकं पुस्तक नोंदीतून रीतसर काढून टाकायचं, तर प्रस्ताव, समिती, सह्या. त्यापेक्षा पुस्तकाला वाळवी लागलेली परवडते, कारण वाळवीने खाल्लेलं पुस्तक निदान मोजता येतं.

गंमत म्हणजे हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. युरोपात मध्ययुगात ग्रंथालयातली पुस्तकं साखळीने टेबलाला बांधून ठेवायचे, कारण एकेक पुस्तक हाताने लिहिलेलं, किंमत अफाट. छपाई आली, पुस्तकं स्वस्त झाली, तरी साखळ्या निघायला बराच काळ गेला. एस. आर. रंगनाथन या आपल्या ग्रंथपालांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की पुस्तकं वापरासाठी असतात, आणि तो समजावताना त्यांनी या साखळ्यांचंच उदाहरण दिलंय. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतसुद्धा लिहिलेलं आहे की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली, आणि त्यात कुणाची लबाडी किंवा हयगय नसेल, तर ते रास्त नुकसान समजावं. म्हणजे दिल्लीच्या हिशेबनीसांनाही कळलंय की फिरणारं पुस्तक थोडं हरवणारच! हे नियम त्यांच्या कार्यालयांसाठी आहेत, आपल्या झेडपीच्या शाळेतल्या तिसरीच्या पोरासाठी नाहीत हे मान्य, पण तसा एक साधा आदेश शाळांसाठी निघायला काय हरकत आहे? त्याला हजारात पाच पुरणार नाहीत, शंभरात दहा धरा. लहान पोरं पुस्तक चावतातसुद्धा. पण प्रेरणा दिनाच्या परिपत्रकांच्या ढिगात "पुस्तक फाटल्यास शिक्षकास जबाबदार धरू नये" असं एका ओळीचं पत्र मी अजून बघितलेलं नाही.

जिथे ते कुलूप निघतं तिथे काय होतं तेही सांगतो. एका शाळेत बाईंनी वर्गात आडवी दोरी बांधली आणि तिच्यावर पुस्तकं वाळत घातल्यासारखी लटकवली. नियम काही नाही, हवं ते घ्या, नंतर परत लटकवा. तिसरीतली एक मुलगी अगदी बालवाडीच्या पातळीचं, पानाला एक ओळ असलेलं पुस्तक घेऊन बसली, मांडीवर धाकटा भाऊ. वाचून झालं की परत पहिल्या पानावर, आणि दर वेळी मांजराचा आवाज वेगळा. शेजारी एक पोरगा जेसीबी आणि क्रेनच्या चित्रांचं पुस्तक उलटसुलट करून बघत होता, अक्षर एक वाचत नव्हता, पण प्रत्येक मशीनवर बोट ठेवून दुसऱ्याला माहिती देत होता जी त्या पुस्तकात नव्हतीच, त्याचे वडील ड्रायव्हर होते. आमच्याबरोबर आलेले एक गृहस्थ कळवळून म्हणाले की अहो हा तर नुसती चित्रं बघतोय आणि ती आपल्या इयत्तेच्या खालचं वाचतेय. मला हा आक्षेप कधीच कळलेला नाही. आपण मोठी माणसं शंभर वेळा पाहिलेला सिनेमा परत लावून बसतो तेव्हा कोण येऊन सांगतं का की तुझ्या इयत्तेचा बघ?

इथेच दुसरी गोष्ट येते, हिशेब मागायची. आपल्याकडे मुलांच्या वाचनाचा कुठलाही उपक्रम निघाला की त्याला शेपूट असतंच. पुस्तक वाचा आणि सारांश लिहा. पुस्तक वाचा आणि अभिप्राय लिहून पोर्टलवर चढवा. राज्याचा महावाचन उत्सव झाला त्यातही हेच, पोरांनी वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचं आणि ते अपलोड करायचं, मग शाळांमध्ये रात्री बसून अपलोड करणाऱ्या मास्तरांनी वाचन सोडून सगळं केलं. मी समजू शकतो की सरकारला काहीतरी मोजावं लागतं. पण सुट्टीत वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर पानभर लिहून द्यायचं ठरलं असतं तर तुम्ही-आम्ही किती पुस्तकं वाचली असती? मुलाला अक्कल असते, त्याला दुसऱ्या पुस्तकालाच कळतं की हा अभ्यास आहे, याला फक्त कव्हर वेगळं घातलंय. घरातही तेच. पुस्तक खाली ठेवलं रे ठेवलं की आई विचारते काय शिकलास, बाबा स्पेलिंग विचारतात, आजोबा बोध विचारतात. पोराला खरं तर एवढंच सांगायचं असतं की त्यातला तो राक्षस शिंकतो तेव्हा झाडं पडतात.

आता विरुद्ध बाजूचं जे खरंच वजनदार आहे त्याकडे. मोबाईल. मी इथे 'टीव्ही आला तेव्हाही असंच म्हणायचे' एवढं म्हणून सुटणार नाही. म्हणायचे हे खरं, मुंबईत १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे घरोघरी सेट आले तेव्हा वाचनाची मर्तिकं मराठीत भरपूर लिहिली गेली आणि तरी पुस्तकं राहिली. पण टीव्हीवरच्या मालिकेसाठी पोराला आठवडाभर थांबावं लागायचं, मधले सहा दिवस रिकामे असायचे आणि त्यात पुस्तक घुसायचं. रील थांबतच नाही. ती थांबू नये म्हणून जगातली हुशार माणसं पगार घेऊन काम करतायत, आणि त्यांच्यासमोर आपली सहा वर्षांची पोरगी. ही लढाई बरोबरीची नाही हे मी मान्य करतो, आणि ज्या घरात जेवतानाही पोराच्या हातात फोन असतो तिथे नुसतं पुस्तक आणून ठेवल्याने काही होणार नाही हेही मान्य. पण फोनशी स्पर्धा करायला समोर कोण उभं आहे ते तरी बघा. तालुक्याच्या गावात पोरांची पुस्तकं मिळणारं दुकान शोधून दाखवा, मिळतील गाईड आणि नवनीत. एसटी स्टँडवरचे बुक स्टॉल होते तिथे आता वेफर्स आणि पाण्याच्या बाटल्या. गावातलं ग्रंथालय संध्याकाळी दोनतीन तास उघडतं, तिथे पेपर वाचणारे रिटायर्ड लोक, आणि पोरगं आत आलं तर पहिला प्रश्न "काय रे, काय काम आहे?" असा. मोबाईलने पुस्तकाला हरवलं असं म्हणायला आधी पुस्तक मैदानात उतरायला हवं ना.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे आणि तो मोबाईलवाल्यांच्या गोंगाटात हरवतो. तो असा की अहो, गोडीचं काय घेऊन बसलात, पोरांना वाचताच येत नाही. 'असर'च्या पाहणीत घरोघरी जाऊन मुलांसमोर दुसरीच्या पातळीचा मजकूर ठेवतात. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तो वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, कोविडनंतर २०२२ मध्ये ती ४२.८ टक्क्यांवर आली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं पाचवीत पोचून दुसरीचं वाचत नाहीत. ज्याला जोडाक्षर फोडताना घाम येतो त्याला वाचनाचा आनंद घे म्हणणं ही चेष्टा आहे, हा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण त्यातून जो निष्कर्ष काढतात तो उलटा आहे, की आधी मुळाक्षरं-बाराखडी पक्की करा, गोष्टीची पुस्तकं नंतर, बक्षीस म्हणून. विहिरीत न उतरवता पोहायला शिकवण्यातला हा प्रकार. वाचता येतं ते वाचून वाचून, आणि आपल्या पोराला वर्षभरात वाचायला मिळतं काय, तर एक भाषेचं पाठ्यपुस्तक, जे जुलैतच पाठ होऊन जातं. मग तो वाचत नाही, आठवतो. मध्यंतरी तर त्या पाठ्यपुस्तकातच वह्यांची कोरी पानं घातली होती, दप्तराचं ओझं कमी म्हणून, आणि नंतर ती काढली. पुस्तकाची पानं वाढवायची वेळ आली तर आपण कोरी वाढवली, यावर आणखी काय बोलायचं.

इंग्रजी माध्यमवाल्यांचं दुःखही मला खोटं वाटत नाही. घरात मराठी बोलणारं, पुरणपोळीवर तुटून पडणारं पोर देवनागरी वाचताना अडखळतं, बोट लावून 'कृ' म्हणजे काय विचारतं, हे बघून आजीच्या पोटात तुटतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, आणि पेढा खाणाऱ्या नातवाला घरातला दिवाळी अंक वाचता येत नाही. पण म्हणून त्याच्या हातातलं इंग्रजी पुस्तक काढून घेऊन मराठी कोंबणं हा उपाय झाला का? तो वाचतोय ना, वाचू द्या. मराठी त्याला वाचून दाखवा. यात काही कमीपणा नाही, आपल्याकडे वाचन हे मुळातच ऐकण्याचं प्रकरण होतं. श्रावणात एक जण पोथी वाचायचा, घर ऐकायचं. केसरीचा अंक गावात यायचा तेव्हा वाचता येणारा एखादाच असायचा आणि चावडीवर दहा जण कान देऊन बसायचे. डोळ्यांनी, एकट्याने, गुपचूप वाचणं म्हणजेच खरं वाचणं ही समजूत अलीकडची आहे. रात्री दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवलं की पोर उच्चार ऐकतं, वाक्य ऐकतं, आणि सगळ्यात मजेची जागा आली की वाचणारा थांबला तर वैतागून पुस्तक स्वतःकडे ओढतं. जोडाक्षरं मग त्याची तो फोडतो, कारण पुढे काय झालं हे त्याला आत्ता हवं असतं.

मग एक शेवटचा, जरा नाक मुरडून केलेला आक्षेप. हवं ते वाचू दिलं तर पोरं फालतू वाचतील. वाचतील की. वाचायलाच हवं. बाबुराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्या वाचणाऱ्या पोरांना घरोघरी शिव्या बसल्या, भूमितीच्या पुस्तकात लपवून वाचाव्या लागल्या. त्या पिढीतल्या कुठल्याही पट्टीच्या वाचकाला विचारा, सुरुवात कुठून झाली, दहातले सात जण खालच्या आवाजात हेच नाव सांगतील, उरलेले तीन खोटं बोलतील. त्याच्याही आधी बायकांनी वाचण्यावरून काय गहजब होता. रमाबाई रानड्यांना नवऱ्यानेच शिकवायला घेतलं तरी घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे आणि अबोला चुकला नाही, त्यांनी आठवणींत तो सगळा त्रास लिहून ठेवलाय. तेव्हा भीती ही होती की बाई वाचून बिघडेल. आज भीती ही आहे की पोर न वाचून बिघडेल. मधल्या काळात बदललं ते एवढंच, पण कुणी काय वाचायचं हे ठरवणारे आपणच, हा हट्ट तसाच आहे.

यावर कुणी म्हणेल की बघा, ज्यांना वाचायचंय ते विरोध असूनही वाचतात, मग पुस्तकं हाताशी ठेवा वगैरे कशाला हवं. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण नेमकं याच कामासाठी वापरलं जातं, की परिस्थिती काय होती आणि तरी किती वाचलं बघा, आणि तुम्हाला सगळं मिळतं तरी तुम्ही वाचत नाही. हे ऐकलं की मला राग येतो. भीमराव शाळकरी असताना चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसायचे तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरलं, चौकशी केली आणि आपल्याकडची पुस्तकं वाचायला द्यायला सुरुवात केली. पुढे मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं, आणि कॉलेजच्या खर्चासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला तोही त्यांनीच. त्या पोराची जिद्द अफाट होती यात शंकाच नाही. पण त्या गोष्टीत पुस्तकं असलेला आणि ती देणारा एक मोठा माणूसही आहे, त्याला गोष्टीतून काढून टाकायचं आणि पोराला म्हणायचं जिद्द ठेव, हा आपला सोयीचा अन्याय आहे. केळुसकरांनी निबंध लिहून आण म्हटल्याचं निदान माझ्या तरी वाचनात नाही. आणि भिंत चढून जाणारे कुठेही चढून जातातच, पण धोरण त्यांच्यासाठी करायचं नसतं, बाकीच्या पोरांसाठी दार ठेवायचं असतं.

ज्या सयाजीरावांकडे शब्द टाकला त्यांनी हे दार कसं ठेवलं तेही बघण्यासारखं आहे. १९०६ मध्ये बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि लगेच लक्षात आलं की शाळा सोडलेल्या पोराला वाचायला काही मिळालं नाही तर तो काही वर्षांत पुन्हा निरक्षर होतो. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, त्यात मुलांसाठी वेगळी जागा केली, आणि जिथे ग्रंथालय नाही अशा गावांना लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली, फुकट. शंभर वर्षांपूर्वी. गोडी लावण्याचा कार्यक्रम त्यात कुठे नव्हता, पेटी होती. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ने हीच पेटी आपल्या काळात फिरवून दाखवली, अगदी परदेशातल्या मराठी मंडळांपर्यंत. म्हणजे लोक वाचतात, पेटी पोचली की.

आणि शेजारी बघा, कर्नाटकाने कोविडच्या काळात ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत शाळकरी मुलांना फुकट सभासद करून घेतलं, लाखांनी पोरांची नावं नोंदली गेली. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, त्याचा अभिमानही आहे आपल्याला, पण कर्नाटक, तमिळनाडू, केरळसारखा ग्रंथालयांसाठीचा वेगळा उपकर त्यात नाही, सगळं शासनाच्या अनुदानावर, आणि ते वाढायला आणि वेळेवर मिळायला ग्रंथालयवाल्यांना आंदोलनं करावी लागतात. १८२८ मध्ये रत्नागिरीत नगर वाचनालय सुरू करणाऱ्या प्रदेशात ही गत. भिलार पुस्तकांचं गाव झालं २०१७ मध्ये, छान झालं, मी जाऊन आलोय, घराघरांत पुस्तकं बघून बरं वाटतं. पण ते पर्यटनाचं ठिकाण आहे, पाचगणीला गेलेलं कुटुंब तिथे जातं. पोराला पुस्तक त्याच्या घरापासून त्याच्या पायांनी जाता येईल इतक्या अंतरावर लागतं.

हे असं कुठे बोललं की शेवटी कुणीतरी हमखास विचारतं, ते सगळं ठीक, पण माझ्या मुलीला नेमकी कुठली पुस्तकं देऊ, यादी द्या. मी देत नाही. तिला प्रदर्शनात घेऊन जा, हातात दोनशे-तीनशे रुपये द्या आणि बाहेर चहा पीत उभे राहा. ती डायनासोरचं स्टिकरवालं घेऊन येईल, किंवा मैत्रिणीकडे आहे तेच घेऊन येईल, किंवा तुम्हाला जे बघून लाज वाटेल असं काहीतरी. घेऊ द्या. एका पिझ्झ्याच्या पैशात चार-पाच पुस्तकं येतात, त्यातली तीन फुकट गेली तरी चालतं. आणि ज्यांची पोरं झेडपीच्या शाळेत आहेत, त्यांनी यादीच्या मागे लागण्यापेक्षा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातल्या एका ग्रामसभेत उठून दोन प्रश्न विचारावेत. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, त्यातून पोरांसाठी गोष्टीची पुस्तकं कधी घेतली? आणि शाळेतल्या कपाटातली पुस्तकं पोरांनी घरी नेली, हरवली, फाटली, तर त्याची भरपाई गुरुजींच्या खिशातून न घेता पंचायत करेल असा ठराव आजच लिहून घेता का? ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, आधी वर बघेल, मग सरपंचाकडे बघेल. ठराव लिहून होईपर्यंत खाली बसू नका.